चंद्रपूरच्या उन्हाळ्यात वृद्ध आईवडिलांसाठी कोणती तयारी करावी?

मुक्काम_पुणे:
नमस्कार. माझे आईवडील चंद्रपूरला दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. बाबा ७६ वर्षांचे असून ते रक्तदाबाच्या औषधाबरोबर पायांवरची सूज उतरण्यासाठी 'पाण्याची गोळी' घेतात. आई सत्तरीची आहे आणि दुपारचा स्वयंपाक अजूनही स्वतःच करते. घरात खिडकीचा एक कूलर आहे, परंतु 'आमचा जन्म याच उन्हात गेला' असे सांगून बाबा एसी बसवू देत नाहीत. गेल्या मे महिन्यात ते भर दुपारी पेन्शन काढून आले आणि दारातच त्यांना चक्कर आली, तेव्हा खिशात कांदा ठेवला नव्हता म्हणून शेजाऱ्यांनी त्यांनाच बोल लावले. घरात काय बदल करावेत, जवळ काय ठेवावे, आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत त्यांना पनवेलला ताईकडे नेणे बरे का, याविषयी अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा.

निवृत्त_परिचारिका:
तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून गेला आहात, ती म्हणजे पाण्याची गोळी. या गोळीमुळे शरीरातील पाणी आणि क्षार लघवीवाटे जास्त बाहेर पडतात, आणि त्यात घामाची भर पडली की रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. तरी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. मार्च महिन्यातच डॉक्टरांना भेटून उन्हाळ्यापुरती मात्रा बदलायची का, आणि दिवसाला किती पाणी व किती मीठ चालेल, हे लिहून घ्यावे. 'भरपूर पाणी प्या, मीठ घालून पन्हे प्या' हा सल्ला शेतात राबणाऱ्या धडधाकट माणसाला योग्य आहे, पण पायांवरची सूज हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे असेल तर तोच सल्ला तुमच्या वडिलांना त्रासदायक ठरू शकतो. कांद्याविषयी एवढेच सांगते की तो भाकरीबरोबर खावा.

माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापून ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, तर तो उष्माघात समजावा, मग घाम येत असो वा नसो. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा, मात्र रुग्णवाहिकेची वाट पाहत हातावर हात ठेवून बसू नये. रुग्णाला सावलीत घेऊन कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतत राहावे, जोरात वारा घालावा आणि मान, काखा व जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळीही देऊ नये. हा संसर्गाचा ताप नसल्यामुळे ती उपयोगी पडत नाही.

वाळ्याची_ताटी:
मी नागपूरकर असल्यामुळे कूलरविषयी अधिकाराने लिहितो. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण समोरच्या बाजूची एखादी खिडकी थोडी उघडी हवी. आतली दमट हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली कोंदट होते. कूलरच्या ताट्या, म्हणजे पाणी झिरपणारे गवती पडदे, दरवर्षी बदलावेत. पाणी भरण्यापूर्वी कूलरचा प्लग काढलाच पाहिजे, कारण ओल्या हाताने लोखंडी कूलरला शिवून विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात. वीज जाते तेव्हा ओला पंचा अंगावर घेऊन खालच्या मजल्यावर बसणे चांगले. इन्व्हर्टरवर नुसता पंखा चालत असेल तर लक्षात ठेवावे की खोलीतील हवा ४० अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावर तो गरम झोतच सोडतो. अंग ओले असले तरच त्याचा उपयोग होतो.

वरच्या मजल्याचा खरा शत्रू स्लॅब आहे. तो दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो, त्यामुळे झोपेतही शरीराला विसावा मिळत नाही. गच्चीला चुन्याचे दोन हात द्यावेत. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधील छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले, ते याच कारणासाठी. आणि स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकू द्या. बाबांच्या चिंतेत शेगडीसमोर उभ्या असलेल्या आईंचा विचार मागे पडलेला दिसतो.

खाडीकाठ:
पनवेलविषयी थोडे सांगतो. तिथे पारा कमी असला तरी हवा दमट असते आणि घाम वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी पनवेलजवळच्या खारघरला भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले, तेव्हा पारा ४० अंशांच्याही खाली होता. ताईंकडे एसीची खोली असेल तरच न्यावे, आणि प्रवास रात्रीचा करावा.

मुक्काम_पुणे:
सर्वांचे मनापासून आभार. ताईकडे एसी नाही, त्यामुळे पनवेलचा बेत सोडून दिला आहे. दुकानात मिळणारी 'ओआरएस' नावाची तयार पेये घरी ठेवावीत का?

निवृत्त_परिचारिका:
त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पावडर ठेवावी आणि पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण एक लिटर पाण्यात कालवावी. अर्ध्या पेल्यात अख्खे पाकीट ओतणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. गोड पेयांवर ते नाव छापण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली, कारण त्यांत साखर फार आणि क्षार अपुरे असत. वडिलांना मात्र तीही पावडर डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

वाळ्याची_ताटी:
पेन्शनसाठी उन्हात जाण्याची गरज नाही. खात्याला आधार जोडलेले असेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेतून पोस्टमन घरी येऊन, अंगठ्याचा ठसा घेऊन रोख रक्कम देतो. बाबांना 'उन्हात जाऊ नका' असे सांगितलेत तर ते मुद्दाम बाहेर पडतील. 'पोस्टमन घरी येणार आहे, तुम्ही हजर पाहिजे' असे सांगा.