मांडी की सीट? लहानग्यांच्या कार सीटचे आपल्या सीमाभागातले अनुभव

टिळकवाडी, बेळगाव

आमची लेक आता दीड वर्षाची झाली. लग्नसराईत निपाणी-कोल्हापूर, सुट्टीत चोर्ल्यावरून गोवा, मधूनच गोकाकला मावशीकडं, असं आमचं फिरणं चालूच असतं. गाडीत कार सीट आहे आणि ती त्यातच बसते. पण निघताना घरात दर वेळी तोच विषय : "एवढंसं पोर, बांधून कशाला ठेवतीस? घे की मांडीवर." सासूबाई मायेपोटी बोलतात हे मला कळतं. तरी मी घेत नाही. ताशी पन्नासच्या वेगातली गाडी धडकून थांबली, तर दहा किलोच्या मुलाचा जोर दीड-दोनशे किलोच्या घरात जातो. तेवढा भार कुठल्या आईच्या हातात राहणार? आणि आईनं बेल्ट लावला नसेल तर तिचं अंगही मुलावरच येणार.

तर आपल्या भागातल्या आईबाबांनी, आजी-आजोबांनी इथं लिहावं. सीट कशी निवडली, गाडीत कशी बसली, मूल कसं रुळलं, घरच्यांना कसं समजावलं? नुसती कंपन्यांची नावं नकोत, ती कुठंही मिळतात. आपले रस्ते, आपल्या गाड्या, आपली माणसं यांत काय होतं ते सांगा.

उद्यमबाग, बेळगाव

मशीन शॉपमध्ये काम करतो, त्यामुळं मापाशिवाय वस्तू घ्यायची नाही ही सवयच. लोक सीटचा रंग आणि गादी बघतात. मी म्हणतो, आधी स्वतःच्या गाडीची मागची सीट बघा. गादी आणि पाठ जिथं मिळते तिथं बोटं घातल्यावर लोखंडी कड्या लागल्या तर गाडीला आयसोफिक्स, म्हणजे कार सीट थेट कड्यांना अडकवायची सोय आहे, आणि काम निम्मं झालं. बहुतेक गाड्यांत त्या कडेच्या दोन जागांनाच असतात, मधल्या जागेला नसतात. आमच्या जुन्या वॅगन आरला त्या नाहीत, म्हणून गाडीच्याच बेल्टनं बसणारी सीट शोधली.

इथं खरी गोम आहे ती बेल्टच्या लांबीची. सीट उलटी, म्हणजे मुलाचं तोंड मागं करून बसवायची तर बेल्ट जास्त लागतो. काही सीटना आमचा बेल्ट चार बोटं कमी पडत होता, बकलपर्यंत पोचतच नव्हता. दुकानदाराला म्हटलं, गाडी दारात उभी आहे, लावून दाखवा. जी नीट बसली तीच घेतली. लहान गाडीत उलट्या सीटमुळं पुढची सीट बरीच सरकवावी लागते, तेही तिथंच बसून बघा. उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात.

बसवताना सीटमध्ये गुडघा रोवून पूर्ण भार द्यायचा आणि तसाच दाबून ठेवून बेल्ट ओढत आवळायचा. मग जिथून बेल्ट जातो तिथं धरून हलवून बघायचं. इंचभरापेक्षा जास्त हलली तर सोडून परत. वरून डोकं धरून हलवलं तर ती हलणारच, ते माप नव्हे.

आणि शिक्का बघा. आपल्याकडचं मानक एआयएस-०७२. युरोपचा नारिंगी शिक्का असेल तर त्यावर आर ४४/०४ किंवा आर १२९ लिहिलेलं असतं. शिक्का नसलेली, नुसत्या पट्ट्यांची स्वस्त गादी कार सीट म्हणून विकतात. ती घेऊ नका.

चिकोडी

मी बालरोगतज्ज्ञ आहे. दवाखान्यात लसीकरणाला येणारे पालक हमखास विचारतात, "डॉक्टर, वर्षाचा झाला, आता सीट सरळ करू ना?" माझं उत्तर : घाई करू नका. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि जड, मान कोवळी. समोरून धडक बसली की पुढं तोंड केलेल्या मुलाचं धड पट्ट्यांनी अडतं, पण डोकं पुढं फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागं असेल तर डोकं, मान, पाठ तिन्हींना सीटची पाठ एकदम आधार देते. आर १२९ च्या नियमानुसार पंधरा महिन्यांपर्यंत तोंड मागंच हवं, आणि तो किमान आकडा आहे. सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागंच ठेवावं.

बऱ्याच सीट उलट्या स्थितीत १३ किलोपर्यंत चालतात. आपल्याकडची कितीतरी मुलं दोन वर्षांची होऊनही १३ किलोच्या आत असतात. म्हणजे दुसऱ्या वाढदिवसापर्यंत, कधी त्याच्याही पुढं, तीच सीट तशीच वापरता येते. पाय दुमडलेले दिसतात म्हणून पालक कासावीस होतात. मुलं मांडी घालून मजेत बसतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही.

पुढच्या सीटवर, जिथं एअरबॅग चालू आहे तिथं, उलटी सीट कधीही लावू नये. एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते आणि मूल दगावू शकतं. याला अपवाद नाही.

कायद्याचंही सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर एक हजार रुपये दंड. पालकांनी मात्र दंडापेक्षा मानेचा विचार करावा, अशी माझी कळकळ आहे.

सदलगा रस्ता, चिकोडी तालुका

डॉक्टरांनी सांगितलं ते पटतंच, पण मला पटलं ते रस्त्यावर. आमच्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तरी चिखलानं माखलेला. वळणावर समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांवर आला, तो गेला आणि पुढ्यात उसाची भिंत. मी ब्रेकवर उभाच राहिलो.

धडक बसली नाही. बायकोच्या शेजारची डब्याची पिशवी पुढच्या दोन सीटच्या मधून उडाली आणि डबा गिअरपाशी येऊन उघडला, सगळीकडं आमटी. पोरगं सीटमध्ये जागच्या जागी. दचकून रडलं, पाच मिनिटांत गप्प झालं. बायको त्या डब्याकडं बघत होती. त्या पिशवीपेक्षा पोरगं फार जड नव्हतं तेव्हा.

तेव्हापासून गावातल्या गावात जायचं असलं तरी सीट. "इथंच तर जायचंय" हे आमच्या घरात कुणी म्हणत नाही. ट्रॉली गावाच्या वेशीवरसुद्धा उभी असते.

टिळकवाडी, बेळगाव

वाचताना अंगावर काटा आला. डब्या-पिशव्यांचं मनावर घेतलं, आमच्या पाठीमागच्या फळीवरच्या वस्तू आजच काढते. घाटाचं कुणी सांगेल का? चोर्ल्याला आमची लेक दर वेळी उलटी करते, आणि मग सगळे म्हणतात, उलटी बसवल्यामुळंच.

खानापूर

आम्ही जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रस्त्याचे नेहमीचे. आमच्या मुलाला सरळ बसवलं तरी होतं, मांडीवर घेतलं तरी होतं. वळणं आहेत म्हणून होतं. आम्ही आता निघायच्या आधी पोटभर दूध देत नाही, थोडी पेज किंवा मऊ भात देतो आणि मध्ये वेळ सोडतो. काच थोडी उघडी. हातात पुस्तक, मोबाइल काही नाही. कणकुंबीला थांबून खाली उतरवायचं, हवा खाऊ द्यायची, मगच पुढं घाट.

सीटच्या स्वच्छतेबद्दल महत्त्वाचं. कापडी कव्हर निघतं, ते धुवा. पट्ट्या मात्र साबणात भिजवू नका, मशीनमध्ये तर नाहीच. त्यानं त्यांची ताकद कमी होऊ शकते. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवायच्या. बकलमध्ये भात-बिस्किटाचा चुरा अडकला की "टक" आवाज नीट येत नाही, म्हणजे ते पुरतं बसलेलं नाही. तो चुरा काढून मगच निघायचं. सीटखाली वास येऊ नये म्हणून जाड उशी किंवा रबरी चादर घालतात, तीही नको. सीट त्यावर सरकते. पातळ सुती पंचा मुलाच्या छातीवर, पट्ट्यांच्या वरून टाकावा.

उन्हाळ्याचंही सांगते. गाडी उन्हात उभी असली की बकलचं लोखंड चटका देतं. आम्ही गाडी लावताना सीटवर पांढरं धोतर पांघरतो आणि मुलाला बसवायच्या आधी बकलला हात लावून बघतो.

निपाणी

मी आजी आहे, नातवंडांना सांभाळते. वरच्या बाईंच्या सासूबाईंना माझ्याकडनं सांगा, मांडीची माया सीटच्या शेजारी बसूनबी करता येते. मी मागं नातवाच्या बाजूला बसते. माझा बेल्ट आधी लावते, मग त्याचा. तो बघतो, आजीबी बांधून घेतीय, मग कुरकुरत नाही. कोल्हापूरला जाताना कागल येईपर्यंत ओव्या म्हणते, त्याच्या पुढं झोपतो.

थंडीत मात्र माझं आणि सुनेचं व्हायचं. मी जाड लोकरी स्वेटर घालायची, ती काढायची. तिनं मला दाखवलं. स्वेटरवरनं पट्टा आवळला, मग पट्टा न हलवता स्वेटर काढून परत बसवलं, तर माझा सगळा पंजा पट्ट्याखाली जात होता! आता कानटोपी, पायमोजे, पातळ कपडे, पट्टा आवळायचा आणि वरनं शाल. पोराला ऊबबी राहते.

आणि चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, करदंटाचा तुकडा द्यायचा नाही. घशात अडकलं तर हात पोचंस्तोवर काय करणार? थांबून खायला घालायचं.

वडगाव, बेळगाव

आजी, तुमची युक्ती आमच्याकडं लगेच चालवतो. आमचं कार्टं अडीच वर्षांचं, पट्ट्यातनं हात काढण्यात पटाईत. हत्तरगी टोल यायच्या आत दोन्ही हात बाहेर आणि वर विजयाचा आनंद. शेवटी कळलं की पट्टा सैल राहत होता. खांद्याजवळ पट्ट्याची चिमट घेऊन बघायची. चिमटीत पट्टा दुमडला तर सैल, बोटं घसरली तर बरोबर. उंची वाढल्यावर पट्ट्यांची भोकंही बदलावी लागतात : तोंड मागं असेल तर पट्टा खांद्याच्या पातळीला किंवा थोडा खाली, तोंड पुढं असेल तर पातळीला किंवा थोडा वर.

आणि एक ठरवलं. पट्टा सुटला की गाडी बाजूला घ्यायची आणि परत लावल्याशिवाय हलायचं नाही. ना रागावणं, ना मोबाइलचं आमिष. मामाच्या लग्नाला उशीर झाला, चालेल म्हटलं. पोरगं शहाणं असतं, गाडी थांबते हे त्याला बरोबर कळतं.

शहापूर, बेळगाव

आमच्याकडं कार नाही, स्कूटर आहे, आणि आपल्यातली निम्मी पोरं स्कूटरवरच वाढतात. त्यांचंही इथं असू दे. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर चालवणाऱ्याशी जोडणारा हार्नेस, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत, असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये निघाला आणि २०२३ पासून लागू झाला. लहान मापाचं हेल्मेट शोधायला आम्हाला वेळ लागला, पण मिळालं.

संकेश्वर

आमचंही तसंच, स्वतःची गाडी नाही. दवाखान्याला किंवा देवाला जायचं तर भाड्याची गाडी. पुण्याच्या नणंदेनं तिच्या मुलाची सीट दिली. घेण्याआधी तिला तीन गोष्टी विचारल्या : गाडीला कधी धडक बसली होती का, सीटच्या मागचा तारखेचा ठसा काय म्हणतो, आणि माहितीपुस्तिका आहे का. धडक सोसलेली किंवा मुदत संपलेली सीट घरच्यांची असली तरी घ्यायची नाही. अनोळखी माणसाकडची जुनी सीट तर नकोच, तिचा इतिहास कोण सांगणार?

भाड्याच्या गाड्यांची अडचण वेगळीच. मागच्या सीटला जाड कव्हर चढवलेलं असतं आणि बकलं त्याच्याखाली गडप. म्हणून गाडी ठरवतानाच फोनवर सांगते, "अण्णा, मागचे बेल्ट वर काढून ठेवा, बाळाची सीट लावायची आहे, दहा मिनिटं आधी या." बहुतेक जण ऐकतात. एकदा एक जण म्हणाला, बेल्ट निघत नाहीत, बसा तसंच. दुसरी गाडी बोलावली. आता दोन चालकांचे नंबर ठेवलेत. ते आले की आधी मागचं दार उघडतात, कव्हराच्या चिरेतून बेल्ट ओढून देतात, आणि मी सीट घेऊन उभी असते.