फिस्टुलाचा चिमटा आणि टायमरचं वेड

सुई१५: परवा इथे एकाने लिहिलं, "डायलिसिसनंतर फिस्टुला दाबत बसायला माणूस कशाला? स्प्रिंगचा चिमटा, १० मिनिटांचा टायमर, थ्रीडी प्रिंट, काम फत्ते." राजेहो, फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला धमनीशी जोडलेली हातातली शीर. सुई काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबायचं खरं, पण कुठे ते तर आधी ठरवा! सुई २५ अंशांच्या आसपास तिरपी जाते. कातडीवरचं छिद्र एकीकडे, शिरेवरचं काही मिलिमीटर पुढे, टोकाच्या दिशेने. दोन बोटं ठेवतात ती यासाठी. तुमची वाटाण्याएवढी गादी फक्त कातडी बंद करेल. वरून गॉज कोरडा, आत हात सुजून काळानिळा.

स्प्रिंगमामा: तो 'एकाने' म्हणजे मीच. गादी लांबट करू, २ बाय १ सेंमी. १०० मिमी पारा दाबाला तेवढ्या जागेवर साधारण २७० ग्रॅम भार पुरतो. बोटाला हे गणित येतं का? एक सिस्टर करकचून दाबते, दुसरी फोनवर बोलत. चिमटा रोज तेवढाच दाबतो.

सुई१५: तेवढाच? जाड दंडावर चिमटा जास्त उघडतो, भार वाढतो. वाळलेल्या मनगटावर कमी पडतो. मशीनवरून उतरताना बीपी पडलेलं असलं तर तोच भार फिस्टुला बंद पाडेल. दाबलेल्या जागेच्या वर-खाली थ्रिल, म्हणजे वाहत्या रक्ताची थरथर, बोटाला लागलाच पाहिजे, नाहीतर ढिलं करा. टायमरला थ्रिल कळतो?

तिसरी_पाळी: पाळी संपताना चार खुर्च्यांवरचे पेशंट एकदम सुटतात. मग काय होतं? दोन्ही सुयांवर एकदम दोन चिमटे, आणि माणूस पुढच्या मशीनवर. एका वेळी एकच, आणि ग्राफ्ट (शिरेऐवजी बसवलेली कृत्रिम नळी) किंवा नवीन फिस्टुला असेल तर हातानेच. पण मला सांगा, चिमटा धुतो कोण?

स्प्रिंगमामा: हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमध्ये, बुडवा.

तिसरी_पाळी: बुडवा म्हणे! स्प्रिंग गंजते. आणि प्रिंटच्या थरांच्या खाचांत सुकलेलं रक्त आधी घासून काढल्याशिवाय हायपोक्लोराइट निम्मं काम करतं. हिपॅटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर ७ दिवस टिकतो. एकाचा चिमटा दुसऱ्याला, हे डिझाइन नाही, प्रसाद वाटणं आहे.

काटोलनाका: प्रत्येकाला स्वतःचा द्या ना, नाव लिहून पाऊचमध्ये.

तिसरी_पाळी: द्या. गावाहून एसटीने येणारा तो घरी विसरणार, मग पुन्हा शेजारच्याचा.

काटोलनाका: आणि पीएलए, तुमचं ते थ्रीडी प्रिंटचं प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात नागपुरात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून पाहा, चिमट्याचा झारा होईल. पॉलिप्रोपिलीनचं करा, १२१ अंशांच्या वाफेचं निर्जंतुकीकरण, म्हणजे ऑटोक्लेव्ह, सोसतं. साच्याचा खर्च मात्र तुमचा.

स्प्रिंगमामा: बरं बाबा, पीएलए बाद. स्प्रिंगही बदलतो, लांब आणि मऊ, आधीच बरीच ताणलेली, म्हणजे हात जाड असो की बारीक, भार फारसा हलणार नाही. गादी पारदर्शक, खालून रक्त आलं तर दिसेल. अजून कुठे दुखतंय?

सुई१५: टायमरमध्ये. १० मिनिटं झाली, चिमटा वाजला, रक्त चालूच, पुन्हा १० मिनिटं लावा. असं आठवडाभर चाललं तर पुढची शीर अरुंद झाल्याचं कोणाच्या ध्यानात येणार? चांगल्या फिस्टुलातला दाब सरासरी रक्तदाबाच्या निम्म्याहून कमी असतो. पुढे अडथळा आला की चढतो, आणि भोक मिटत नाही. रक्त थांबणं दर वेळी २० मिनिटांवर जात असेल तर आधी हेपारिनचा (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) डोस बघा, मग डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी. तुमचा चिमटा नेमकी ही खूण झाकतो.

काटोलनाका: यात चिमट्याचा काय दोष? बोटाने दाबणारे तरी मिनिटं लिहितात काहून?

सुई१५: ...नाही लिहीत. हे मान्य.

स्प्रिंगमामा: मग टायमर उलटा फिरवतो. किती बाकी ते नाही, किती लागली ते दाखवेल. १५ च्या पुढे लाल. खूश?

तिसरी_पाळी: आणि सुई पूर्ण बाहेर आल्यावरच दाबायचं, हे त्याच्यावर छापा. आत असतानाच दाबली की शिरेची भिंत चिरते. आणि झाल्यावर हाताभोवती गोल करकचून पट्टी गुंडाळणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढते, थांबा जरा.