कौंटीचा धोका 'कमी', मग आमच्या ओढ्याचं काय? (नॉर्थ कॅरोलायना – मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पश्चिम नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या, डोंगराळ कौंटीत घर बघतोय. दीड एकर जागा, मागे चढ, पुढे ओढा. बायकोला घर पसंत आहे. मला ओढा पसंत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळाने समुद्रापासून एवढ्या लांब, याच डोंगरांत केलेला धिंगाणा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून फेमाच्या (अमेरिकी सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था) नॅशनल रिस्क इंडेक्समध्ये, म्हणजे धोक्याच्या निर्देशांकात, कौंटी काढली. १८ प्रकारच्या आपत्ती धरून एकूण धोका 'तुलनेने कमी'. जीव भांड्यात पडला. मग हा आकडा येतो कुठून ते वाचलं आणि भांडं उपडं झालं. त्यात मुख्य हिशेब आहे वर्षाला किती डॉलरचं नुकसान होईल याचा. इथे मुळात वस्तीच विरळ, तर नुकसान होणार कशाचं? म्हणजे कौंटी सुरक्षित आहे असं नाही, वाहून जायला फारसं काही नाही इतकंच. बरोबर समजलोय ना?

फेमाच्या पूरनकाशातही घर 'झोन एक्स'मध्ये, म्हणजे पुराचा धोका कमी धरलेल्या भागात आहे, म्हणून कर्जाला पूरविमा सक्तीचा नाही. पण नकाशात आमचा ओढाच नाही! एक चौरस मैलापेक्षा लहान पाणलोटाचे ओढे सहसा अभ्यासलेच जात नाहीत म्हणे.

आता खरी गोष्ट. घराकडे जायला ओढ्यावर लाकडी पूल आहे. त्याच्या तुळईखाली वाळकं गवत आणि निळ्या पिंपाचा तुकडा अडकलेला दिसला, पाण्यापासून छातीएवढ्या उंचीवर. एजंट म्हणाला, "वाऱ्याने आलं असेल." पिंप, वाऱ्याने!

या एका घराचा धोका कसा जोखायचा? आणि मागच्या चढाचं काय?

प्रतिसाद १
बरोबर समजलात. तो इंडेक्स कौंट्यांची तुलना करायला आहे, घर निवडायला नाही. ओढ्यापेक्षा मी चढाला घाबरेन. मेकन कौंटीत पीक्स क्रीकला २००४ मध्ये दरड चिखल-दगडांचा लोंढा होऊन खाली आली, पाच माणसं गेली. राज्याच्या भूविज्ञान खात्याने काही कौंट्यांचे दरडींचे नकाशे केलेत, तुमची आहे का बघा. लायडारचा (विमानातून लेझरने जमिनीचे चढउतार मोजून केलेला) छायानकाशा मिळाला तर घळीच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली जमीन शोधा. घर छान सपाटीवर दिसतं, पण ती सपाटी जुन्या लोंढ्यांनीच आणून टाकलेली असते. आणि घराच्या साध्या विम्यात ना पूर येतो ना दरड. पूरविमा झोन एक्समध्येही मिळतो, पण सहसा ३० दिवसांनी लागू होतो. दरड त्यातही नाही.

प्रतिसाद २
पूल कोणाचा? खाजगी असेल तर वाहून गेल्यावर बांधायचाही तुम्हीच. घर शाबूत आणि गाडी पलीकडे, हेलेननंतर कितीतरी जणांचं हेच झालं. शेजारच्या म्हाताऱ्यांना गाठा, पाणी कुठवर चढलं होतं ते बोट दाखवून सांगतील.

धागाकर्ता
दोघांचे आभार. लायडार बघितला. घर बरोब्बर पंख्यावर आहे. पुलाबद्दल एजंटला विचारलंय, कालपासून उत्तर नाही. बायकोला अजून सांगितलेलं नाही.