अक्रामध्ये मे महिन्यात बर्थडे पार्टी ठेवलीय पण घरमालक म्हणतात आवाज बंद, हे काय प्रकरण?

नवीन_अक्राकर:
नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या बदलीमुळे फेब्रुवारीत घानाला आलोय. लेकाचा पहिला वाढदिवस मे अखेरीस आहे, अंगणात मांडव, मोठा स्पीकर, पंचवीसेक माणसं असा सगळा बेत ठरला होता आणि काल घरमालक आजोबा म्हणाले की बाई, त्या महिन्यात ढोल नाही स्पीकर नाही, होमोवो येतोय. मी म्हटलं सण येतोय तर वाजवायचं ना, आपल्याकडे सण म्हणजे कानाचे पडदे जायची वेळ 😅 खरंच एवढं कडक असतं की मला नवखी बघून घाबरवतायत?

टेमाकर_काका:
घाबरवत नाहीयेत, पार्टी पुढे ढकल. मी अक्राजवळच्या टेमा बंदराला नऊ वर्षं काढलीत. अक्रा मूळची गा लोकांची आणि होमोवो त्यांचा सगळ्यात मोठा सण. मे महिन्यात त्यांचे पुजारी मका पेरतात आणि मग साधारण ३० दिवस ढोल, लाऊडस्पीकर सगळं बंद, देवांना शांतता मिळावी, पीक नीट यावं म्हणून. चर्चनाही आवाज भिंतीच्या आतच ठेवावा लागतो, यावरून पूर्वी चांगल्या मारामाऱ्या झाल्यात. तारखा दर वर्षी जाहीर होतात पण ओसू, ला, तेशी, नुंगुआ या गा लोकांच्या वस्त्या, सगळ्यांच्या सारख्या नसतात, म्हणून तुझ्या भागाची तारीख आजोबांनाच विचार.

आता नाव. होमो म्हणजे भूक आणि वो म्हणजे हुर्यो, म्हणजे भुकेची हुर्यो उडवायची! पूर्वजांनी स्थलांतरात मोठा दुष्काळ काढला, मग मका पेरला, पाऊस झाला, कणगी भरली आणि लोक भुकेला हसले अशी कथा सांगतात. ऑगस्टच्या आसपास मुख्य दिवस. आंबवलेल्या मक्याचं पीठ वाफवून त्यात पाम तेल कालवतात, त्याला क्पोक्पोई म्हणतात, दिसायला थेट आपला पिवळा सांजा, आणि सोबत पाम फळांचं कालवण, त्यात धुरावलेले मासे. गावाचा राजा ते रस्त्यावर शिंपडत फिरतो, पितरांसाठी. शेजाऱ्यांकडे पहिल्यांदा गेलो तर मी आपला ताट शोधतोय आणि आजी, नातू, जावई सगळ्यांचे हात एकाच परातीत. एरवी त्या घरात मोठ्यांसमोर पोरं ब्र काढत नाहीत.

कुमासी_रिटर्न:
काका, सगळं अक्राच सांगताय, अशांती लोकांचं शहर कुमासी पण सांगा की. नवीन ताई, एकदा तिथला अक्वासिदाए सण बघून या. अशांती लोकांचा ६ दिवसांचा आणि नेहमीचा ७ दिवसांचा असे दोन आठवडे एकत्र फिरतात, त्यामुळे ४२ दिवसांनी तो रविवार परत येतो, आम्ही संकष्टीसारखं कॅलेंडरवर खुणा करून ठेवायचो. (क्वासी म्हणजे रविवारी जन्मलेला, कोफी शुक्रवारचा, कोफी अन्नान यांचं नाव तसलंच.) मान्हिया राजवाड्यात असान्तेहेने म्हणजे अशांतींचे राजे ओसेई टुटू दुसरे बसतात, अंगावर केंटे हे विणलेलं कापड, हातात सोनं, आणि डोक्यावरची ती अवाढव्य छत्री धरणारा माणूस ढोलाच्या तालावर ती वरखाली नाचवत असतो, मी तर राजापेक्षा त्यालाच जास्त बघत होतो.

वेसावकर_नाखवा:
मी जहाजावर असताना ताकोराडीला मुक्काम होता, तिथून एल्मिनाला बाकाटुए हा कोळ्यांचा सण बघायला गेलेलो. जुलैचा पहिला मंगळवार. खाडीतली मासेमारी आधी बंद असते, त्या दिवशी बेन्या खाडीला कुस्करलेला याम कंद आणि अंडी वाहतात, मग पुजारी तीनदा जाळं टाकतो आणि मासेमारी सुरू. आमची नारळी पौर्णिमाच म्हणा, फक्त नारळाच्या जागी अंडी. सजवलेल्या होड्या बघून गावची आठवण आली राव. आणि एरवी मंगळवारी तिथले बरेचसे कोळी समुद्रात जातच नाहीत, दर्याचा सुट्टीचा वार.

नवीन_अक्राकर:
बापरे किती माहिती, थँक्यू सगळ्यांना! काका, आजोबांना विचारलं, आमच्याकडे जूनच्या मध्यापर्यंत बंदी सुटेल, तर वाढदिवस त्यानंतरच्या शनिवारी. भुकेची हुर्यो हे सांगायचा प्रयत्न केला मोडक्या इंग्लिशमधे तर खो खो हसले आणि म्हणाले ऑगस्टमधे क्पोक्पोई खायला या, पोराला पण आणा. आता तो हात घालणार परातीत की पाय, बघू.