मदत हवी आहे: गाडीवर तांबूस ठिपके आलेत, शनिवारच्या आत सिरॅमिक करू की नको?

मिऱ्याचा_वारा
पटकन सांगा मंडळी, शनिवारपर्यंतच ऑफर आहे. गाडीला सिरॅमिक कोटिंग करून घेऊ का? शोरूमवाला २२ हजार म्हणतोय, तीन वर्षं गॅरंटी. बॉनेटवर खडीने टवके उडालेत आणि आता सगळीकडे बारीक तांबूस ठिपके दिसायला लागलेत म्हणजे गंज धरला. रोजचा हायवे, पुढे डंपर असतातच, पाऊस तोंडावर आलाय. ज्यांनी केलंय त्यांनी फक्त हो की नाही सांगा, लेक्चर नको.

पाना_पक्कड
कुठली गाडी, किती जुनी, कलर काय, रोज किती चालते, रात्री कुठे उभी असते? यातलं एक सांगितलं नाहीस आणि हो की नाही हवंय.

बाबल्या_मालवण
अरे झिला, डंपराच्या पाठसून गाडी कित्याक चालवतंस? मागे ऱ्हव, रंग आपसूक वाचता. सिरॅमिक बिरॅमिक सगळे पैशे काढूचे धंदे.

मिऱ्याचा_वारा
@पाना_पक्कड पांढरी, तीन वर्षं झाली. कंपनी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पत्रा जाड की पातळ यावरच दोन पानं जातील. रत्नागिरीजवळचं मिऱ्या ते लांजा रोज जाऊन येऊन.
@बाबल्या मागे राहिलं की मधे दुसरा घुसतो आणि मग त्याची खडी खायची. हातखंबा ते पाली एकदा चालवून बघा आणि मग सांगा.

हातखंब्याचा_हात
पालीच्या पुढे काम चालू होतं तेव्हा माझी काच तीन महिन्यांत दोनदा गेली. कच्चा डायव्हर्जन, वर खडी सांडलेली, त्यात लाल माती. बॉनेटचं काय घेऊन बसलायस, काचेचा इन्शुरन्स बघ आधी. आणि हा रस्ता पूर्ण होईपर्यंत आपली पोरं रिटायर होतील.

रंगारी_कोल्हापूर
मी हेच काम करतो म्हणून थोडं लांबवतो, लेक्चर वाटलं तर सोडून द्या. कंपनीतून गाडी निघते तेव्हा प्रायमर, रंग, वरचा पारदर्शक क्लिअर कोट सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतं. सिरॅमिकचा थर त्यावर एक-दोन मायक्रॉनचा. खडी समोरून ८० च्या स्पीडने आली तर तिला या थराचं काय पडलंय? सिरॅमिकने पाणी निथळतं, चिखल चिकटून बसत नाही, धुवायला सोपं जातं, चमक राहते. टवके अडवायचे तर पीपीएफ, म्हणजे टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म, ती १५० ते २०० मायक्रॉनची असते आणि दगडाचा मार ती स्वतः घेते. पूर्ण गाडीला लावायची गरज नाही, बंपर, बॉनेटचा पुढचा भाग, आरसे आणि मागच्या चाकांच्या पुढची पट्टी एवढं केलं तरी रोजच्या गाडीला पुरतं.
गॅरंटी तीन वर्षं कशाची, ते लिहून घ्या. टवक्याची नसणार.

चकाचक७
पीपीएफ नका करू. माझ्या भावाने स्वस्तातली केली, दीड वर्षात पिवळी पडली आणि कडेने उचलली, त्यात लाल माती जाऊन बसली ती निघेना. सिरॅमिक केलंय मी, झकास आहे, पावसात गाडी आपोआप धुऊन निघते.

रंगारी_कोल्हापूर
स्वस्तातली केली हे तुम्हीच लिहिलंय की राव. आणि आपोआप धुऊन निघते ती टप आणि बॉनेट, चाकाच्या कमानीतला चिखल कोण धुतं?

चकाचक७
तुमचा पीपीएफचा धंदा आहे म्हणून तुम्ही असं बोलणार.

रंगारी_कोल्हापूर
माझा सिरॅमिकचाही धंदा आहे. त्यातच जास्त पैसे सुटतात.

आप्पा_दापोली
आम्ही १९९४ पासून पावसाळ्याआधी जीपला खालून जळकं ऑईल मारतो आणि वरून रॉकेलचा बोळा फिरवतो. अजून पत्रा शाबूत आहे. तुम्ही लोक २२ हजार काय देताय. रॉकेल आता मिळत नाही तर डिझेल वापरा.

पाना_पक्कड
आप्पा, तुमच्या जीपचा पत्रा आणि आताचा पत्रा यात फरक आहे. जळकं ऑईल रबरी बुशना लागलं की ती फुगतात, ब्रेकच्या डिस्कवर उडालं तर पॅरिस घाटात गाडी थांबेल का? आणि ते पावसात धुऊन जातं कुठे, तुमच्याच विहिरीकडे. खाली मारायचंच तर मेणाचं अँटीरस्ट मिळतं ते मारा, तेही खाली नीट धुऊन सुकल्यावर. गंजावर जाड काळा रबरी कोट थापला तर आत पाणी अडकतं, वरून छान दिसतं आणि आतून पत्रा खातं.

आप्पा_दापोली
पॅरिस घाट नाही, परशुराम घाट म्हणा.

पाना_पक्कड
परशुरामच लिहिलं होतं, फोनने पॅरिस केलं 😀

मिऱ्याचा_वारा
अहो माझं राहिलं बाजूला. शनिवार जवळ येतोय.

नारळीपौर्णिमा
रात्री गाडी कुठे लावता ते पाना_पक्कड यांनी विचारलंय, त्याचं उत्तर कुठाय? मिऱ्याला बंधाऱ्याच्या बाजूला घर असेल तर उधाणाला तुषार थेट गाडीवर येतात, त्याला सिरॅमिक असो नसो, गोड्या पाण्याने धुण्याशिवाय इलाज नाही. आमचं भाट्याला तेच. मी आठवड्यातून दोनदा साधा पाईप घेऊन चाकांच्या कमानी आणि खालून मारते, शाम्पूही नाही. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात ती माती बसून बुजतात, ती काडीने मोकळी करायची, नाहीतर दार आतून कुजतं आणि बाहेर फुगा येतो तेव्हा आपल्याला कळतं.

मिऱ्याचा_वारा
घर बंधाऱ्यापासून आतल्या आळीत आहे ताई, पत्र्याची शेड आहे. कव्हर घालतो रोज.

नारळीपौर्णिमा
शेडमध्ये कव्हर कशाला? वाऱ्याने कव्हर हलतं आणि खाली वाळू-मीठ असतं, पॉलिशपेपर घासल्यासारखं होतं. ओल्या गाडीवर घातलं तर अजून वाईट.

चकाचक७
कव्हर नाही घातलं तर पक्षी घाण करतात, त्याने पण रंग जातो. ज्याला त्याला आपलं खरं.

देवगडी
पक्षी परवडले. आमच्या बागेत मोहोराच्या दिवसात झाडाखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकटा पडतो, सकाळी गाडी साखरेच्या पाकात बुडवल्यासारखी, मग त्यावर काळी बुरशी. कोमट पाण्याने भिजवून मग पुसायचं, कोरडं घासलं की मेलात. यंदा तुडतुडा जास्त होता, फवारण्या किती कराव्या लागल्या विचारू नका. पेटीला भाव मात्र पडलेला.

हातखंब्याचा_हात
शेवटच्या काढणीची पेटी आहे का? खासगी मेसेज करा.

केवडा
एक विचारू का, ठिपके "सगळीकडे" आहेत असं लिहिलंय. म्हणजे टपावर पण? आणि मागच्या डिकीवर? कारण खडी टपावर टवके नाही काढत.

मिऱ्याचा_वारा
हो टपावर तर सगळ्यात जास्त. डिकीच्या वरच्या बाजूला पण. बॉनेटवरचे मोठे टवके वेगळे, तिथे करडं दिसतं. हे ठिपके सुईच्या टोकाएवढे, मध्ये काळा कण आणि भोवती नारिंगी. पण मिऱ्याची खारी हवा, गंजच ना?

केवडा
मग दोन वेगळे आजार आहेत. माझ्या पांढऱ्या गाडीला हुबेहूब हेच झालं होतं. दोन वर्षं गाडी रुळांच्या अगदी बाजूला लावायचे, रेल्वेच्या ब्रेकमधून लोखंडाचा बारीक कीस उडतो तो रंगावर बसतो, ओल्या हवेत तो कीस गंजतो. गंज त्या कणाला असतो, आपल्या पत्र्याला नाही. गडद गाडीवर दिसत नाही, पांढरीवर ओरडून सांगतो. हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि धुतलेल्या टपावरून फिरवा, खरखरीत लागलं तर तेच.
दिवसा गाडी कुठे असते?

मिऱ्याचा_वारा
लांज्याला ऑफिसच्या मागे. रेल्वे नाही तिथे कुठे.

पाना_पक्कड
रेल्वे नसेल. बाजूला काय आहे?

मिऱ्याचा_वारा
काही नाही हो, चहावाला, झेरॉक्स, आणि ग्रिलवाला आहे, गेट-बिट करतो तो.

पाना_पक्कड
😂😂😂 "काही नाही हो"

रंगारी_कोल्हापूर
कटरच्या ठिणग्या. दिवसभर ग्राइंडर चालतो आणि वारा तुमच्या गाडीकडे. प्रत्येक ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण, क्लिअर कोटमध्ये रुतून बसतो. आता ऐका, यावर सिरॅमिक मारलं तर ते सगळे कण काचेखाली फ्रेम करून ठेवल्यासारखं होईल. चांगला माणूस आधी आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं औषध मारतो, मग क्ले, म्हणजे उरलेले कण ओढून काढणारा मऊ गोळा फिरवतो, मग पॉलिश, मग कोटिंग. ऑफरमध्ये हे सगळं धरलंय का विचारा. शिवाय कोटिंग मारल्यावर निदान एक दिवस, शक्यतो जास्त, पाणी लागता कामा नये आणि तुम्ही ते मृगाच्या तोंडावर करताय, वर रोज लांजा.

चकाचक७
क्लेने स्क्रॅच पडतात.

रंगारी_कोल्हापूर
कोरडा फिरवला तर पडतात. भरपूर शाम्पूचं पाणी, हलका हात, क्ले खाली पडला की फेकून द्यायचा, परत वापरायचा नाही.

केवडा
आयर्न रिमूव्हर सावलीत, थंड पत्र्यावर मारा आणि सुकू देऊ नका. जांभळे ओघळ यायला लागले की समजायचं लोखंड सुटतंय. वास भयंकर येतो, कुजक्या अंड्याचा, घरच्यांना आधी सांगून ठेवा. हातमोजे घाला.

पाना_पक्कड
आणि टवक्यांना टचअप. कलर कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली स्टिकरवर असतो, तो बघून बाटली घे, "पांढरा द्या" म्हणून नको, पांढऱ्यात दहा पांढरे असतात. करडं दिसतंय म्हणजे प्रायमर शाबूत आहे, वेळेत आहेस. स्वच्छ करून बारीक ब्रशने पातळ दोन-तीन हात, एकदम थेंब सोडलास तर मस दिसेल. तोवर प्रेशर वॉशरचं तोंड टवक्याजवळ नेऊ नको, कड उचलून पापुद्रा निघतो. मडफ्लॅप आहेत का चारही?

मिऱ्याचा_वारा
मागचे दोन आहेत. पुढचे कंपनीने दिलेच नाहीत.

पाना_पक्कड
आधी ते लाव. दाराखालचे निम्मे टवके आपल्याच पुढच्या चाकांचे असतात.

सीएनजी_प्रेमी
लांजा रोज जाऊन येऊन म्हणजे महिन्याला पेट्रोल किती जातं? सीएनजी करून घ्या, ते २२ हजार त्यात घाला.

बाबल्या_मालवण
ह्येका कोणी इचारल्यान?

मिऱ्याचा_वारा
अपडेट. काल रात्री शेडमध्ये अर्ध्या टपावर मारून बघितलं, खरंच जांभळं झालं, आई बाहेर येऊन म्हणाली गाडीला काय लागलंय. वास विचारू नका, दोन मांजरं आळी सोडून गेली. धुतल्यावर त्या भागातले बरेचसे ठिपके गेले, चार-पाच हट्टी आहेत, त्यांना क्ले लावणार. शोरूमवाल्याला फोन केला, आयर्न रिमूव्हर आणि क्ले ऑफरमध्ये आहे का विचारलं तर म्हणाला "वॉश आहे सर". मग शनिवार सोडला. पुढच्या बंपर-बॉनेटच्या फिल्मचं गणपतीनंतर बघतो, बोनस मिळाला तर. ऑफिसमागे गाडी आता चहावाल्याच्या पलीकडे लावतोय, तिथे माड आहे पण म्हटलं नारळ पडला तर निदान एकच टवका.

नारळीपौर्णिमा
माडाखाली नका लावू हो! टवका नाही, पोचा येतो. झावळ पडली तरी काच जाते.

आप्पा_दापोली
मांजरं परत आली का?

हातखंब्याचा_हात
त्या ग्रिलवाल्याचा नंबर आहे का? मला गेट करायचंय.