डोकलाम: स्वार्थ आणि तत्त्व

२०१७ साली भूतान आणि चीन दोघेही दावा सांगतात त्या डोकलाम पठारावर चीनने रस्ता बांधायला घेतला तेव्हा भारत भूतानच्या पाठीशी उभा राहिला तो केवळ ईशान्य भारताला उर्वरित देशाशी जोडणाऱ्या सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्याच्या धास्तीने, तत्त्वाची भाषा मागाहून चिकटवली गेली, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. धास्ती होतीच, पण स्वार्थ सोबतीला असला म्हणून तत्त्व आपोआप खोटे ठरत नाही. सीमाप्रश्न सुटेपर्यंत मार्च १९५९ पूर्वीची स्थिती कायम ठेवण्याचे भूतान आणि चीनने १९८८ व १९९८ च्या लेखी करारांत मान्य केले होते, आणि रस्ताबांधणीमुळे त्याचा भंग होतो, असे भूतानने २९ जून २०१७ च्या निवेदनात स्वतःच म्हटले होते.

या प्रश्नाची दुसरी बाजू, म्हणजे भूतानने भारतासाठी काय केले ही, २००३ ची आहे. त्या वर्षी डिसेंबरमध्ये भूतानच्या छोट्याशा सैन्याने राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या नेतृत्वाखाली भारताविरुद्ध लढणाऱ्या उल्फा (आसाममधील फुटीरतावादी संघटना), बोडो आणि कामतापुरी बंडखोरांचे भूतानच्या हद्दीतील तळ उद्ध्वस्त केले. एकमेकांच्या सुरक्षेला बाधक कारवायांसाठी आपली भूमी वापरू न देण्याचे कलम भारत-भूतानच्या २००७ च्या मैत्री करारात आले, म्हणजे कृती आधी आणि कागद नंतर. मात्र २०१३ मध्ये भूतानच्या निवडणुकीच्या ऐन तोंडावर आपण, म्हणजे भारताने, तिथल्या स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान थांबवले होते, हेही तत्त्वाचा हवाला देताना आपल्याला सोयीस्करपणे विसरता येणार नाही.