मिनीडीव्हीचे चित्रण डीव्हीडीवर घेताना बिटरेट किती ठेवावा?

प्रश्न: मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेटच्या) कॅमकॉर्डरवरील ९० मिनिटांचे पाल (भारतातील दूरचित्रवाणी पद्धतीचे) चित्रण संगणकावर उतरवून घेतले असून ते ४.७ जीबीच्या एकाच डिस्कवर बसवायचे आहे. बिटरेट (दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा) कमाल ठेवावा का, आणि चित्रण डीइंटरलेस करावे का (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे जोडून पूर्ण करावीत का), याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: डीव्हीडीच्या मानकात चित्राचा बिटरेट सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत चालतो, पण त्या दराने ९० मिनिटे मावणारच नाहीत. ४.७ अब्ज बाइट म्हणजे ३७,६०० मेगाबिट. त्याला ५,४०० सेकंदांनी भागले की जेमतेम ७ मेगाबिट हाती येतात आणि त्यातूनच आवाज, मेनू व थोडी मोकळी जागा वजा करावी लागते. सरासरी ६ मेगाबिट ठेवावा. आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेल्या स्वरूपात, ठेवल्यास दीड मेगाबिट तोच खाऊन टाकतो, म्हणून दाबलेल्या स्वरूपातले डॉल्बी डिजिटल बरे.

उत्तर २: डीइंटरलेस मुळीच करू नये. डीव्हीडीला इंटरलेस्ड चित्र चालते, आणि फील्ड, म्हणजे ती अर्धी चित्रे, एकत्र केल्यास हालचालीतला सहजपणा जातो. मात्र मिनीडीव्हीच्या डीव्ही स्वरूपात खालचे फील्ड आधी येते. एन्कोडरमध्ये (डीव्हीडीसाठी चित्रण दाबणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) हा क्रम उलटा निवडला गेला, तर कॅमेरा आडवा फिरताना भिंतींच्या कडा मागेपुढे थरथरताना दिसतात. संगणकाच्या पडद्यावर हा दोष अनेकदा लपतो, त्यामुळे एक छोटा तुकडा पुनर्लेखनयोग्य डिस्कवर घेऊन दूरचित्रवाणी संचावरच तपासावा.

उत्तर ३: वरील दोन्ही मतांशी सहमत. हातात धरून केलेले, कमी उजेडातले चित्रण बिट फार खाते, तेव्हा बदलत्या बिटरेटची दोन फेऱ्यांची पद्धत (पहिल्या फेरीत चित्रण तपासून दुसरीत गरजेनुसार बिट वाटणारी) वापरावी. वेळ अधिक लागतो, पण घाई कसली?